अपुऱ्या अंकांचा नाटककार : अण्णासाहेब किर्लोस्कर

किर्लोस्कर हे नाव घेतले की आमच्या वाणिज्य शाखेच्या वर्गात पाण्याच्या पंपाची आठवण होते. यात वर्गाचा दोष नाही. आमच्या भालकी-औराद भागात विहिरीवरच्या लोखंडावर हे नाव उठवलेले लहानपणापासून पाहिलेले असते. माझे मामा तर इंजिनाला इंजिन म्हणतच नसत. किर्लोस्कर चालू कर, किर्लोस्कर बंद कर, असेच त्यांचे बोलणे. पुढे महाविद्यालयात आल्यावर उद्योगपती लक्ष्मणराव किर्लोस्कर यांची माहिती वाचली. १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान, नंतर लोखंडी नांगर, १९१० साली किर्लोस्करवाडी. जिद्दीने धंदा कसा उभा करावा याचा तो धडा आहे आणि तो आम्हांला शिकवला जातो हे योग्यच आहे.

परंतु प्रस्तुत लेख त्यांच्याविषयी नाही. लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. त्याच गावात, त्याच घराण्यात, त्यांच्या सव्वीस वर्षे आधी आणखी एक किर्लोस्कर जन्माला आले होते. त्यांनी नांगर केला नाही, पंप केला नाही. धंद्याच्या दृष्टीने पाहिले तर आयुष्याची सदतीस वर्षे होईपर्यंत त्यांच्या हातून नाव घेण्यासारखे फारसे काही झालेच नव्हते. त्यांचे नाव बळवंत पांडुरंग किर्लोस्कर. महाराष्ट्र त्यांना अण्णासाहेब किर्लोस्कर म्हणून ओळखतो आणि मराठी संगीत रंगभूमीचे जनक मानतो.

आपल्या या अंकात मराठी विभाग आहे आणि कन्नड विभागही आहे. लेख कोणत्या विभागाकडे द्यावा असा विचार करताना मला गंमत वाटली. अण्णासाहेबांचे चरित्र दोन्हीकडे शोभले असते.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८४३ चा. हे साल वाचकांनी लक्षात ठेवावे. आदल्या वर्षी, म्हणजे १८४२ मध्ये, कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीस आली होती आणि त्यांचे खेळ सांगलीच्या दरबारात झाले. ते पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भावे यांना तसेच काही मराठीत करण्यास सांगितले. त्यातून नोव्हेंबर १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ हा खेळ झाला आणि मराठी रंगभूमीचा आरंभ झाला असे आपण मानतो. म्हणजे कानडी मुलुखातला खेळ मराठीत गेला त्याच वर्षी कानडी मुलुखात हा मराठी मुलगा जन्मला. योगायोगच म्हणायचा. पण पुढे जे घडले ते पाहता मला तो विसरता येत नाही.

वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत अण्णासाहेबांचे शिक्षण घरीच झाले, तेही कानडी आणि मराठी या दोन्ही भाषांत. आम्हां सीमाभागातल्या मुलांना हे वेगळे समजावून सांगायला नको. अंगणात एक भाषा, ओट्यावर दुसरी, बाजारात तिसरी. आमच्या बिदरकडे त्यात दखनी उर्दूची भर पडते. कोणता शब्द कोणत्या भाषेचा हे आम्हांला बरेचदा शाळेत गेल्यावर, आणि तेही चुकल्यावर कळते. येथे थोडे स्वतःविषयी सांगते. पी.यू.सी.त असताना मी एका कथास्पर्धेला कथा पाठवली होती. माझ्या गावच्या आजीबाईंची कथा होती आणि त्या जशा बोलतात तसेच मी लिहिले होते. कथा परत आली तेव्हा तिच्यात जागोजाग लाल रेघा होत्या. जिथे जिथे कानडी शब्द आला होता तिथे तिथे रेघ. कथा कशी आहे याविषयी एक अक्षर नव्हते. त्यानंतर मी कथा लिहिली नाही. जमाखर्च लिहिते. त्यात कोणी भाषेच्या चुका काढत नाही.

घरच्या शिक्षणानंतर धारवाड, मग कोल्हापूर, असे करीत १८६३ मध्ये अण्णासाहेब शिक्षणासाठी पुण्यास आले. पण पुण्यात त्यांना अभ्यासापेक्षा नाटकांचा नाद अधिक लागला. त्या काळची नाटके म्हणजे भाव्यांच्या वळणाची पौराणिक आख्याने. ज्यांना पुढे लोक थट्टेने तागडथोम नाटके म्हणू लागले तीच ही. त्यांची रीत अशी : सूत्रधार बाजूला उभा राहून पद म्हणे, पात्रे त्याबरोबर हावभाव करीत आणि पद संपले की त्या प्रसंगाला साजेसे भाषण स्वतःच्या मनाने करीत. लिहिलेले भाषण नसेच. आज राम एक बोलेल, उद्या दुसरे. राक्षस तर नुसता आरडाओरडा करील. अण्णासाहेब अशा मंडळींना पदे रचून देऊ लागले. स्वतःची भारतशास्त्रोत्तेजक मंडळी नावाची नाटकमंडळीही त्यांनी काढली. ती फार काळ टिकली नाही. शिक्षण अपुरे राहिले ते राहिलेच.

मग बेळगावात शिक्षकाची नोकरी. येथे एक गोष्ट चांगली झाली. गोविंद बल्लाळ देवल हा विद्यार्थी त्यांना लाभला, जो पुढे ‘शारदा’ लिहिणार होता. नंतर रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी. मधल्या काळात, १८७३ साली, शंकराचार्यांच्या चरित्रावर ‘शांकरदिग्जय’ हे गद्य नाटक त्यांनी लिहिले. ते आज कोणी वाचत नाही आणि मीही वाचलेले नाही. त्यानंतरची सात वर्षे चरित्राच्या दृष्टीने जवळजवळ कोरी आहेत. कचेरी, घर, नोकरीच्या गावचे नाटकप्रेमी मित्र.

चरित्रे वाचताना आपण अशी वर्षे भराभर उलटतो, कारण पुढे शाकुंतल येणार हे आपल्याला ठाऊक असते. त्यांना ते ठाऊक नव्हते. पस्तिशी उलटलेला कारकून, शिक्षण अर्धवट, मंडळी बुडालेली, एक नाटक विस्मृतीत गेलेले. त्या काळी कोणी त्यांचा ताळेबंद मांडला असता तर देणी बाजूच जड भरली असती. आणि तरी याच काळात त्यांच्याजवळ केवढे भांडवल साठले होते ते पाहा. कीर्तनातली साकी आणि दिंडी, लावणीची चाल, कानडी पदांच्या चाली, आख्यानांसाठी रचलेली असंख्य पदे, संस्कृत नाटकांचे वाचन. हे सगळे कोणत्याही खात्यावर नीट लिहिलेले नव्हते. नुसत्या कच्च्या खर्ड्यात पडून होते.

१८८० च्या सुमारास अण्णासाहेब नोकरीनिमित्त पुण्यास होते. तेथे त्यांनी एका पारशी मंडळीचे ‘इंद्रसभा’ हे उर्दू संगीत नाटक पाहिले आणि असे नाटक मराठीत का होऊ नये हा विचार त्यांच्या मनात आला, असे नेहमी सांगितले जाते. ‘इंद्रसभा’ मूळ लखनौच्या अमानत यांचे. त्यात पात्रे स्वतः गातात. सूत्रधाराने गायचे आणि पात्राने हातवारे करायचे हा प्रकार नाही. मराठीत असा प्रयत्न कोणीच केला नव्हता असे म्हणणे मात्र खरे नाही. मुंबईत सोकर बापूजी त्रिलोकेकर यांनी १८७९ मध्येच ‘नल-दमयंती’ हे संगीत नाटक केले होते. पहिलेपणाचा मान हवा असेल तर तो त्यांना द्यावा. अण्णासाहेबांचे महत्त्व पहिलेपणात नाही असे मला वाटते.

त्यांनी निवडले कालिदासाचे शाकुंतल. परशुरामपंत गोडबोले यांचे मराठी भाषांतर १८६१ पासून उपलब्ध होते. आपल्या कर्नाटकातही चुरमुरी शेषगिरीराव यांनी १८७० च्या सुमारास शाकुंतल कन्नडमध्ये आणले होते, तेही धारवाडकडच्या बोलीच्या वळणाने. अण्णासाहेबांवर त्याचा किती परिणाम झाला हा विषय दोन्ही भाषांच्या अभ्यासकांवर सोडावा. पण आमच्या कन्नड विभागाच्या वाचकांना हे नाव माहीत असावे म्हणून मुद्दाम लिहिले.

मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर हे दोन उत्तम गळे त्यांना मिळाले होते. मोरोबा दुष्यंत, बाळकोबा कण्व, आणि शंकरराव मुजुमदार शकुंतला. त्या काळी स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. स्वतः अण्णासाहेबही रंगमंचावर उतरत. तालमी सुरू झाल्या. आणि येथे ती गोष्ट घडली जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला. त्या दिवशी रविवार होता. मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास या तारखेपासून मोजतात. आपण ही तारीख शाळेत पाठ करतो, परंतु एक तपशील बहुधा आपल्याला सांगितला जात नाही. शाकुंतल नाटक सात अंकांचे आहे. त्या रात्री फक्त पहिले चार अंक झाले. बाकीचे तीन तयार नव्हते.

ज्यांना कथानक आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते. चौथ्या अंकात शकुंतला कण्वांचा आश्रम सोडून पतीच्या घरी निघते. दुर्वासांचा शाप तिला लागलेला आहे पण तिला माहीत नाही. राजा तिला ओळखणार नाही, अंगठी हरवेल, कोळ्याला सापडेल, पुढे पुष्कळ काळाने भेट होईल, हे सारे पाचव्या अंकापासून पुढे. म्हणजे त्या रात्री शकुंतला आश्रमातून निघाली आणि कोठेच पोचली नाही. प्रेक्षक तिला वाटेत सोडून घरी गेले. अर्थात कथा सर्वांना ठाऊक होती, त्यामुळे तिचे काय होणार याची कोणाला चिंता नव्हती. चिंता असलीच तर नाटककाराला असणार. सातही अंकांचे पूर्ण शाकुंतल पुढे १८८१ मध्ये रंगभूमीवर आले.

हे मी प्रथम वाचले तेव्हा मला वाटले, काही अडचण आली असेल. पैशाची, वेळेची, एखादा नट आजारी पडला असेल. एकदा असे कोणाच्याही बाबतीत होते. परंतु पुढे वाचत गेले तेव्हा ‘संगीत सौभद्र’ची हकीकत समोर आली. सौभद्र पाच अंकांचे. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यात त्याचा पहिला प्रयोग झाला तो पहिल्या तीन अंकांचा. सुभद्रेचे लग्न अजून व्हायचेच होते. पूर्ण पाच अंक १८८३ मध्ये झाले. आणि तिसरे नाटक ‘रामराज्यवियोग’, १८८४ साली त्याचेही तीनच अंक रंगभूमीवर आले. तीन संगीत नाटके आणि तिन्ही प्रथम लोकांसमोर आली ती अपुरी. एकदा घडले तर अडचण. तीनदा घडले तर ती त्या माणसाची काम करण्याची रीतच म्हटली पाहिजे.

आमच्या शाखेत तेरीज मांडताना दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर फरकाची रक्कम सस्पेन्स अकाउंटला टाकून पुढचे काम चालू ठेवतात. चूक कोठे आहे ते नंतर सापडते, पण तोवर दुकान बंद ठेवता येत नाही. पहिल्या वर्षी हे शिकताना मला ते फसवणुकीसारखे वाटले होते. जुळत नाही तर जुळेपर्यंत थांबावे ना! आता वाटते की ज्या माणसाने हे खाते प्रथम कल्पिले तो व्यवहार जाणणारा होता. अण्णासाहेबांचे पाचवा, सहावा, सातवा अंक अशाच खात्यावर पडलेले होते.

यात त्यांचा फायदा काय झाला असावा? माझा अंदाज असा. त्या काळी नव्या प्रकारचे नाटक म्हणजे नाटककारालाही अंधारच. पात्राने गायचे, पण किती गायचे? गाणे संपल्यावर भाषण सुरू करताना विजोड वाटेल काय? लावणीच्या अंगाची चाल ऋषीच्या आश्रमात चालेल काय? कानडी पदाची चाल पुण्याच्या श्रोत्यांना परकी वाटेल काय? या प्रश्नांची उत्तरे खोलीत बसून मिळत नाहीत. चार अंक उभे करावेत, समोर भरलेले नाटकगृह असावे आणि आपण विंगेत उभे राहून ऐकावे. चार अंक लोकांनी उचलून धरले की पुढच्या तीन अंकांत काय करायचे हे निम्मे ठरते. शिवाय गाणाऱ्याचा गळा आहेच. शाकुंतलात कण्वाला इतकी पदे का, याचे उत्तर माझ्या मते कालिदासापेक्षा बाळकोबा नाटेकरांच्या गळ्यात शोधावे. नाटक आधी पूर्ण लिहून मग नट शोधले असते तर ते निराळे झाले असते.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. भाव्यांच्या आख्यानांतली भाषणे उत्स्फूर्त असत, लिहिलेली नसत, आणि त्यातला विस्कळीतपणा अण्णासाहेबांनीच घालवला. त्यांच्या नाटकात भाषण लिहिलेले, पदे ठरलेली, कोण केव्हा काय गाणार हे बांधलेले. म्हणजे रंगमंचावर शिस्त आणणारा माणूस हाच होता. अनिश्चितता त्यांनी नटांवर सोडली नाही, ती स्वतःकडे घेतली. अर्धवट काम करून वाऱ्यावर सोडणाऱ्यांनी त्यांचे उदाहरण देऊ नये. चारांचे सात अंक वर्षभरात झाले, तिनांचे पाच अंक काही महिन्यांत झाले.

‘शाकुंतल’मध्ये पदे दोनशेच्या आसपास आहेत. माझे प्रामाणिक मत सांगायचे तर ती जास्त आहेत. थोर माणसाविषयी लिहिताना असे म्हणू नये असा संकेत आहे, पण वाचताना दमछाक होते हे खरे. प्रयोग रात्रभर चालत. त्या काळच्या लोकांना सवड होती आणि गाण्याची भूक होती. सौभद्रात पदे त्यामानाने कमी झाली आणि नाटक हलके झाले. सौभद्र हे भाषांतर नाही, अण्णासाहेबांची स्वतःची रचना आहे. महाभारतातील अर्जुन-सुभद्रेची गोष्ट त्यांनी घेतली आणि ती जणू एखाद्या सुखवस्तू वाड्यात घडते आहे अशी मांडली. बहिणीचे लग्न दुर्योधनाशी लावू पाहणारा हट्टी थोरला भाऊ बलराम, वरून काही न बोलता आतून सूत्रे हलवणारा धाकटा भाऊ कृष्ण, रुक्मिणीचे रुसवे, आणि खोटा संन्यासी होऊन आलेला अर्जुन. देवादिकांना घरात आणून बसवले. मी हे नाटक रंगमंचावर पाहिलेले नाही, आमच्याकडे ते येणार कोठून! मोबाईलवर पाहिले. घरात सगळे झोपल्यावर पाहिले आणि दोन वेळा हसू आवरले नाही. तागडथोम नाटकांत देवाला हसण्याची सोय नव्हती.

याच सुमारास, १८८२ मध्ये, बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर मंडळीत दाखल झाले. त्यांचा आवाज असा की पुढे शकुंतला आणि सुभद्रा म्हणजे भाऊराव असे समीकरणच होऊन गेले. शिष्य देवलही मंडळीत आले.

चालींविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण आपल्या भागाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते येथेच आहे. अण्णासाहेबांच्या पदांच्या चाली एका ठिकाणच्या नाहीत. कीर्तनकारांकडून साकी-दिंडी घेतली, लोकांच्या तोंडी असलेल्या लावण्यांच्या चाली घेतल्या, हिंदुस्थानी रागांच्या चिजा घेतल्या आणि आपल्या बालपणीच्या मुलुखातल्या कानडी चालीही घेतल्या. आज ज्याला आपण शुद्ध मराठी नाट्यसंगीत म्हणून मिरवतो त्याचा पाया असा मिसळलेला आहे. नाट्यसंगीत पुढे रागदारीकडे अधिक झुकले. १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखले यांनी दिलेल्या चाली ऐकल्या की हे ध्यानात येते. पण आरंभीची ती सरमिसळ कोणा परीक्षकाने तपासली असती तर त्याला लाल शाई पुरली नसती.

आणि ही देवघेव एकाच बाजूने झाली नाही. कानडी भागवतांचा खेळ मराठीत गेला, मराठी नाटकमंडळ्या हुबळी-धारवाडकडे येऊन गाजू लागल्या. ते पाहून गदगच्या शांतकवींनी, म्हणजे सक्करी बाळाचार्यांनी, आपल्या भाषेत नाटके हवीत या तळमळीने कन्नड नाटके लिहिली आणि मंडळी उभी केली. १८७० नंतरच्या दशकातली ही गोष्ट. पुढे कुंदगोळचे रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, मराठी संगीत नाटकांतल्या स्त्रीभूमिकांसाठी नावाजले गेले, आणि त्यांच्या शिष्यांत गदगकडचे भीमसेन जोशी होते. कोणी कोणाचे किती देणे लागतो याचा हिशेब करायला बसलो तर आमचे सर्व प्राध्यापक मिळूनही तो जुळवू शकणार नाहीत. हे मी विनोदाने लिहिते आहे, प्राध्यापकांनी रागावू नये.

अण्णासाहेबांना मिळालेला काळ थोडका होता. शाकुंतल ते रामराज्यवियोग अवघी चार वर्षे. ज्या माणसाची सदतीस वर्षे जुळवाजुळवीत गेली त्याला फळाची वर्षे एवढीच मिळाली. जरा आधी सुरुवात केली असती तर, असे मनात येते. पण आधी त्यांच्याजवळ हे मिश्रण पिकले होते काय? कोण सांगणार! पुण्यात सदतिसाव्या वर्षी जे जमले ते बेळगावात तिसाव्या वर्षी जमले नव्हते, एवढेच आपल्या हाती आहे. आणि या रीतीत धोकाही होता हे लपवण्यात अर्थ नाही. उरलेले अंक नंतर लिहू असे म्हणणाऱ्याने नंतर नावाची वस्तू आपल्या हातात आहे असे धरलेले असते. शाकुंतलाच्या वेळी ते खरे ठरले, सौभद्राच्या वेळीही ठरले.

‘रामराज्यवियोग’मध्ये त्यांनी रामाच्या राज्याभिषेकाची आणि मंथरेच्या कारस्थानाची कथा घेतली, आणि तिच्यात शंबूकालाही आणले. पौराणिक नाटकातून आपल्या समाजाकडे पाहण्याचा तो प्रयत्न होता. आधीच्या दोन नाटकांत हे नव्हते. शृंगार आणि विनोद सांभाळून ते आता अवघड वाटेला लागले होते. ती वाट कोठे जाणार होती हे आपल्याला कळत नाही. १८८५ मध्ये ते आजारी पडले आणि आपल्या गावी परतले. २ नोव्हेंबर १८८५ रोजी गुर्लहोसूर येथे त्यांचे निधन झाले. वय बेचाळीस. ज्या गावात त्यांनी कानडी आणि मराठी एकदमच शिकली त्या गावातच.

मंडळी मात्र थांबली नाही. भाऊराव कोल्हटकर होते, देवल होते. १८९९ मध्ये देवलांचे ‘शारदा’ याच मंडळीने रंगभूमीवर आणले. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस नावाचा मुलगा मंडळीत आला आणि शकुंतलेच्या भूमिकेत उभा राहिला. त्याला पुढे बालगंधर्व म्हणून सारा महाराष्ट्र आणि अर्धा कर्नाटक ओळखू लागला.

हा लेख लिहिण्यासाठी मी अण्णासाहेबांची नाटके मिळवून वाचली. जुने पुस्तक होते, पाने पिवळी पडलेली, शिवण सैल झालेली. ‘रामराज्यवियोग’ वाचता वाचता तिसरा अंक संपला आणि पुढचे पान कोरे निघाले. मला वाटले, कोणीतरी पाने फाडून नेली असावीत, कारण परीक्षेच्या दिवसांत ग्रंथालयातल्या पुस्तकांचे असे हाल होतात. मी पुस्तक घेऊन ग्रंथपालांकडे तक्रार करायला गेले. त्यांनी पुस्तक हातात घेतले, शिवण तपासली, पानांचे आकडे मोजले आणि परत दिले. एकही पान गेलेले नव्हते.